ॲम्बेसेडरच्या इंजिनाचं विलायती भावंड: जुनी एमजीबी पाळायची म्हणजे नेमकं काय?

तालुक्याच्या रस्त्यावर आता एमजीच्या हेक्टर, विंडसर अशा गाड्या दिसायला लागल्यात. पुढच्या जाळीवर अष्टकोनी चौकटीत दोन इंग्रजी अक्षरं. पारावर हमखास वाद होतो, ही कंपनी इंग्लंडची की चीनची? खरं तर दोन्ही. अक्षरं आहेत मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्ड शहरातल्या गाडीविक्रीच्या पेढीची. तिथल्या सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकानं 1920 च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली आणि एमजी हे नाव जन्माला आलं. 2005 साली ब्रिटिश कंपनी बुडाली, नाव चीनकडे गेलं आणि 2019 मध्ये गुजरातेतल्या हालोलच्या कारखान्यातून हेक्टर बाहेर पडली. आजच्या गाडीत जुन्या एमजीचं म्हणाल तर तो अष्टकोनी बिल्ला, बाकी काही नाही.

पण जुन्या एमजीचं आपल्याशी एक नातं आहे, आणि ते बॉनेटखाली आहे. कलेक्टर साहेबांची पांढरी ॲम्बेसेडर आठवते ना? तिच्यात कित्येक वर्षं जे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी सिरीज’ इंजिन. तेच 1489 सीसीचं इंजिन थोडं तापट करून 1955 च्या एमजीए या स्पोर्ट्स कारला बसवलं होतं. तिच्यानंतर 1962 मध्ये एमजीबी आली. तिच्यात हेच इंजिन वाढवून 1798 सीसीचं केलं. पिस्टनचा स्ट्रोक तोच ठेवला, 88.9 मिलिमीटर. बोअर मात्र 73 वरून 80.26 मिलिमीटरवर नेला आणि कार्बोरेटर दोन ठेवले. ताकद झाली साधारण 95 हॉर्सपॉवर. ज्या जुन्या मिस्त्रीनं ॲम्बेसेडरचं हेड उतरवलंय, त्याच्यापुढे एमजीबी उभी केली तर त्याला काही नवीन शिकवायला लागणार नाही.

एमजीबी म्हणजे दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची गाडी. पाठोपाठ 1965 मध्ये पत्र्याच्या छताची जीटीही आली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात 1980 पर्यंत या सगळ्या मिळून 5 लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. तेव्हा ही काही लक्षाधीशाची गाडी नव्हती. पगारदार पोराला हप्त्यावर परवडेल अशी होती. म्हणूनच तिच्यात सगळे भाग साध्या मॉरिस-ऑस्टिन गाड्यांचे वापरले होते आणि म्हणूनच ती आजही जिवंत आहे. आज तिथे जो कोणी ही गाडी बाळगतो, त्यातले बरेच जण रविवारी स्वतः हात काळे करतात. गाडी घेणं सोपं, पण पाळणं म्हणजे दुभतं जनावर दावणीला बांधल्यासारखं आहे. रोज बघावं लागतं.

उंबरा कुजला की घर बसलं

आपल्याकडच्या ट्रकला, जीपला खाली जाड लोखंडी चासी असते. वरची बॉडी सडली तरी चासी गाडी धरून ठेवते. एमजीबीला अशी वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या जोडूनच सगळी गाडी उभी केलेली आहे. त्यात वर छत नाही. मग पुढचं इंजिन आणि मागचा धुरा यांना जोडून धरतं कोण? तर दाराखालचा उंबरा, ज्याला तिकडे सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये उभा पडदा, अशी ती पोकळ पेटी. गाडीचा कणा म्हणा ना.

आता इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारं पाणी आणि चिखल चाकानं उडून मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साचतो. तिथून गंज सुरू होतो आणि उंबऱ्यात आतून पसरतो. बाहेरून रंग चकचकीत, आत पापड. असली गाडी खड्ड्यात आदळली तर मधून वाकते, आणि अपघातात बाजूनं धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायला काही उरलेलंच नसतं.

म्हणून तिथले जाणकार गाडी घेताना इंजिनाचा आवाज नंतर ऐकतात, आधी खाली बसतात. एक साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून उंबऱ्यावर, मडगार्डच्या कडांवर, दाराच्या खालच्या टोकाला फिरवतात. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दुसरी परीक्षा दाराची. दार आणि बॉडी यांच्यातली फट वरून खालपर्यंत सारखी हवी. गाडी जॅकवर उचलली आणि दार घट्ट बसायला लागलं, फट बदलली, तर कणा गेला असं समजायचं. (चुंबकाची ही युक्ती आपल्याकडे सेकंडहँड गाडी घेतानाही चालते. डीलरच्या ‘नॉन ॲक्सिडेंट’वर विसंबून राहण्यापेक्षा वीस रुपयांचं चुंबक खिशात ठेवलेलं बरं.)

उंबरा बदलायचा तर घाई चालत नाही. कुजका पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी नळी तात्पुरती वेल्ड करतात. कारण उंबरा कापला की दोन तुकड्यांना धरून ठेवणारं काहीच राहत नाही, गाडी पोटातून खचते. ती खचलेल्या अवस्थेत नवा उंबरा वेल्ड झाला, तर पुढे जन्मभर दार नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू, आणि दर थोड्या वेल्डिंगनंतर दार लावून बघायचं. नवा पत्रा बसल्यावर पोकळीत मेणासारखं रसायन फवारतात, म्हणजे आत दमट हवा लागत नाही. या कामाचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीच्या वर जातो. नवखे लोक इथेच फसतात. स्वस्तातली ‘थोडं काम आहे’ म्हणणारी गाडी घेतात आणि चांगल्या गाडीचे पैसे वेल्डरला देऊन बसतात.

ज्यांची बॉडी पार गेली, त्यांच्यासाठी तिकडे एक सोय झाली. कारखान्याचे जुने साचे शोधून, दुरुस्त करून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं 1988 पासून एमजीबीची कोरी करकरीत बॉडी बनवायला घेतली. कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली होती. जुन्या गाडीचं इंजिन, धुरा, काचा काढून नव्या बॉडीत बसवायच्या. आज बोल्ट-वायसरपासून सीटच्या कव्हरपर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. इतक्या जुन्या गाडीच्या बाबतीत हे फार थोड्यांच्या नशिबी आहे.

ग्रीस, टॅपेट आणि तेलाचा थेंब

बाकीची देखभाल ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याला ओळखीची वाटेल. पुढच्या चाकांना किंगपिन आहेत आणि त्यांना ग्रीसचे निपल. साधारण पाच हजार किलोमीटरला ग्रीस गन मारायची, इंजिन ऑइल त्याच वेळी बदलायचं. ग्रीस चुकलं तर किंगपिन झिजतो, चाक हाताला हलायला लागतं. तरीही दुर्लक्ष केलं तर एक दिवस चाक आडवं पडतं. टॅपेटची फट थंड इंजिनावर 0.015 इंच, म्हणजे साधारण 0.38 मिलिमीटर. ती फिलर गेजनं मोजायची. दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या डोक्यावर एक पितळी किंवा प्लास्टिकची टोपी असते. ती उघडून आत थोडं तेल टाकावं लागतं. हे कित्येक मालकांना ठाऊकच नसतं. मग ॲक्सिलेटर दाबला की गाडी खोकते आणि लोक पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घालतात.

शॉक ॲब्सॉर्बरही आजच्यासारखे नळीचे नाहीत. लोखंडी डब्यात तेल आणि बाहेर एक हात, असे आहेत. तेल गळालं की गाडी घोड्यासारखी उड्या मारते. पुढचा हा हातच चाकाची वरची बाजू धरून ठेवतो, त्यामुळे तो झिजला तर नुसती गादी बिघडत नाही, स्टिअरिंगही बिघडतं.

तारांच्या आऱ्यांची चाकं हा या गाडीचा दागिना. मध्ये एक मोठं कानांचं नट, तांब्याच्या हातोडीनं ठोकून बसवायचं. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे असतात, म्हणजे चाक फिरताना नट घट्ट होतं. कोणी धुरा उघडून डावं-उजवं अदलाबदल केलं, तर तेच नट चालता चालता सैल होतं. दात झिजलेलं हब आणि सैल आऱ्या घेऊन फोटो चांगले येतात, घाट उतरता येत नाही. यात ट्यूबचाच टायर लागतो, ट्यूबलेस चालत नाही.

विजेचं काम हा वेगळाच ताप. या गाड्यांत लुकास कंपनीचं सामान. तिकडे मालकांनी गमतीनं लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ असं नाव ठेवलंय, कारण रात्री दिवे कधी जातील याचा नेम नाही. पण अनुभवी माणसं सांगतात की दहातले बरेच दोष लुकासचे नसून गंजलेल्या अर्थिंगचे असतात. एकेक जोड उघडून घासायचा, बस. एक मात्र खरंच धोक्याचं आहे. 1967 च्या आधीच्या गाड्यांत बॅटरीची अधिक टोकाची वायर बॉडीला जोडलेली असते, आपल्या सवयीच्या उलट. कोणी नेहमीसारखा मोबाइल चार्जर किंवा रेडिओ लावला की जळालाच. बॅटऱ्याही दोन, सहा-सहा व्होल्टच्या, सीटच्या मागे फरशीखाली लपवलेल्या. त्यामुळे कित्येकांना बॅटरीचं पाणी बघायची आठवणच राहत नाही. 1974 नंतर बारा व्होल्टची एकच बॅटरी आली.

इथेनॉलचं पेट्रोल आणि तापलेला मॅनिफोल्ड

आपल्याकडे 2025 मध्ये ई-20 पेट्रोलवरून मोबाइलवर केवढा गदारोळ झाला. इंग्लंडात ही चर्चा सप्टेंबर 2021 मध्येच झाली, जेव्हा तिथे साध्या पंपावर 10 टक्के इथेनॉलचं ई-10 आलं. ऊस आपला, इथेनॉल आपलं, त्यामुळे त्याला सरसकट वाईट म्हणणं आपल्या जिवावर येतं. पण जुन्या गाडीच्या बाबतीत तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या जातीच्या रबरी नळ्या आतून कडक करून फोडतं. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर जास्तच.

एमजीबीत याचा धोका वेगळ्याच कारणानं वाढतो. बी सिरीज इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. म्हणजे दोन्ही कार्बोरेटर तापलेल्या धुराच्या मॅनिफोल्डच्या बरोबर वर बसतात. नळी फुटली, थेंब पडला, तर तो थेट त्या तापलेल्या लोखंडावर. गाडी जळायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून तिकडचे शहाणे मालक नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या बसवतात, त्यावर बसवल्याची तारीख लिहून ठेवतात आणि शक्यतो कमी इथेनॉलचं महाग पेट्रोलच भरतात. सीटमागे अग्निशामक सिलिंडर ठेवणारेही पुष्कळ आहेत.

शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हाही असंच झालं होतं. तिकडेही आणि इकडेही 2000 साली ते पंपावरून गेलं. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं सांभाळायचं. ते गेल्यावर व्हॉल्व्ह बिडात रुतत जातो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. उपाय सोपा होता, हेड उतरवून कडक पोलादाच्या बैठका बसवायच्या. एकदा केलं की काम संपलं.

बदल करावा, पण कोणता?

आता खरी भांडणं इथे आहेत. एक गट म्हणतो, कारखान्यातून आली तशीच ठेवा. दुसरा म्हणतो, चालवायची तर आजच्या रस्त्याला चालेल अशी करा. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण जुने मिस्त्री एक कसोटी लावतात, ती पटण्यासारखी आहे: केलेला बदल उद्या परत काढता येतो का?

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि गाडी सकाळी लगेच सुरू होते. जुने पॉइंट काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवायचे, रस्त्यात तो नवा तुकडा गेला तर अर्ध्या तासात परत बसवता येतात. रेडिएटरला विजेचा पंखा, बदलायला सोपा ऑइल फिल्टर, पुढे जाड अँटिरोल बार, हे सगळं बोल्टवर निघतं. पाच गिअरची पेटी ही सगळ्यात आवडती सुधारणा, कारण मूळ गाडीला चारच गिअर. ज्यांच्याकडे ओव्हरड्राइव्ह आहे, त्यांना तिची गरज कमी पडते. 1967 च्या आधीच्या गाडीत तर पहिला गिअर चालत्या गाडीत पडतच नाही, करकर करतो.

मग येते ताकदीची हौस. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज माणसानं 1970 च्या सुमारास एमजीबीत रोव्हरचं 3528 सीसीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवून दाखवलं. ते ॲल्युमिनियमचं असल्यानं बिडाच्या चार सिलिंडरवाल्याच्या मानानं फारसं जड नव्हतं. हे बघून कंपनीनं स्वतःच 1973 ते 1976 दरम्यान तशा 2591 जीटी विकल्या. तेव्हापासून हजारो लोकांना वाटतं की आपणही करावं. इंजिन बसतं, यात शंका नाही. पण ताकद वाढली की ब्रेक, धुरा, रेडिएटर, टायर सगळंच वाढवावं लागतं. इंजिन आठ सिलिंडरचं आणि ब्रेक जुनेच, अशी गाडी म्हणजे उताराला लागलेला, ब्रेक नसलेला ट्रेलर. हौशी माणूस इंजिनापासून सुरुवात करतो, शहाणा ब्रेकपासून करतो.

एक बदल मात्र खुद्द कंपनीनं केला आणि तो लोकांनी उलटवला. अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी 1974 च्या अखेरीपासून चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच केली. वळणावर ती आधीपेक्षा जास्त झुकायला लागली. पुढे कंपनीनं अँटिरोल बार देऊन काही अंशी सावरलं. आज कित्येक मालक गाडी पुन्हा खाली बसवून क्रोमचे बंपर लावतात. दिसतं झकास. पण त्यासाठी पुढचा-मागचा पत्रा कापावा लागतो, म्हणजे कसोटीत तो नापास. आणि गंमत अशी, की आता ते काळे बंपरवाले मूळ रूपात कमी उरलेत म्हणून काही जण मुद्दाम तेच शोधतात.

आपल्याकडच्या जुन्या गाडीवाल्यांसाठी

इंग्लंडात 40 वर्षांपुढच्या गाडीला रस्ता कर माफ आहे, दरवर्षीची तपासणीही सक्तीची नाही. अट एकच, गेल्या 30 वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. चासी किंवा मूळ बॉडी, धुरा, इंजिनाची जात बदलली असेल तर तपासणीची सूट जाते. तपासणी सक्तीची नाही म्हणजे करू नये असं नाही, कित्येक मालक दरवर्षी स्वतःहून करून घेतात.

आपल्याकडेही 2021 मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, नूतनीकरणाला 5 हजार, मुदत 10 वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं. ही गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. इथेही गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असेल तर ती विंटेज धरत नाहीत.

विंटेज नसलेल्या गाडीचंही सोपं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीत लिहिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. 2019 च्या सुधारणेनंतर अशा प्रत्येक बदलाला 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलेटचा फटाके फोडणारा सायलेन्सर आणि जीपला लावलेली रुंद टायरं यांचे रील बनवणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

आजोबांची जुनी जीप किंवा ॲम्बेसेडर अजून गोठ्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा. पहिल्या नोंदणीची तारीख आणि चासी नंबर बघा, मग बॉनेट उघडून इंजिनावरचा नंबर फडक्यानं पुसून बुकाशी ताडून घ्या. डिझेल परवडतं म्हणून आपल्याकडे पेट्रोल इंजिनं उतरवून कसलीही डिझेल इंजिनं बसवायची लाट येऊन गेली, त्यामुळे हा नंबर पुष्कळ ठिकाणी जुळत नाही. मूळ इंजिन कोपऱ्यात पडून असेल तर ते विकू नका.